दरजा भरणाऱ्या कौसाबाई

कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी साडेआठच्या सुमाराला एक पांढरीशुभ्र, उंच, काळ्या काचांची गाडी येऊन थांबायची. मागचं दार उघडायचं. आधी एक पत्र्याचा डबा खाली ठेवला जायचा, मग एक घमेलं, आणि मग एका हातानं दार धरून, नऊवारीचा काठ सावरत एक साठीची बाई रस्त्यावर पाय टेकवायची. ती उतरली की गाडी क्षणभरही रेंगाळत नसे. बाई डबा घमेल्यात ठेवायची, घमेलं डोक्यावर घ्यायची आणि गल्लीत चालू लागायची. गाडी तिच्या मुलाची, संपतची. तो गाडी आत का आणत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गल्ली आरूंद हाय म्हनतो." आमच्या गल्लीत कचऱ्याचा ट्रक आरामात येतो आणि वळूनही जातो. 

या कौसाबाई. त्या दरजा भरत. अंगणातल्या फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये जी फट राहते ती दरज. पावसानं, उन्हानं, मुंग्यांनी ती पोकळ होते, मग ती खरवडून पुन्हा भरावी लागते. कौसाबाई भिंत बांधत नसत, गिलावा करत नसत, नळ गळतोय का हेही बघत नसत. फक्त दरजा. अशा एकाच कामावर कुणाचं आयुष्य जाऊ शकतं हे त्यांना भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

ओळख झाली ती आमच्या घरातल्या एका पडण्यामुळे. दहाएक वर्षं झाली असतील. यांचा गुडघा नुकताच बदलला होता आणि डॉक्टरांनी रोज सकाळी काठी घेऊन चालायला सांगितलं होतं. आमच्या बैठ्या घरामागे एक अंगण आहे, शहाबादी फरशीचं, मध्ये सोनचाफा. हे तिथेच फेऱ्या मारत. एका सकाळी काठीचं टोक दोन फरश्यांमधल्या फटीत अडकलं, काठी तिथेच राहिली आणि हे पुढे गेले. कोपरावर निभावलं, नवा गुडघा वाचला. पण त्यानंतर यांनी अंगणात जायचंच सोडलं. खुर्ची दारात ओढून ते नुसते बघत बसत. डॉक्टर म्हणाले, चालणं थांबलं तर गुडघा आखडेल. तेव्हा अंगण नीट करणं हे औषधच होतं.

यांचा सगळा जन्म एका कारखान्यात माल तपासण्यात गेलेला. त्यांनी दारातल्या खुर्चीत बसून एक तक्ता तयार केला. डावीकडे दरजांमध्ये भरायच्या वस्तू: सिमेंट आणि वाळू, पांढरं सिमेंट, एपॉक्सी, पिशवीत तयार मिळतं ते मिश्रण, नुसती वाळू. वर रकाने: टिकाऊपणा, पाण्याला दाद न देणं, तडे, देखणेपणा. तीन जण बघून गेले. एक म्हणाला सिमेंट, दुसरा म्हणाला सिमेंट अजिबात नको, तिसऱ्यानं सगळी फरशीच उखडून ब्लॉक टाकायला सांगितलं. तक्त्यात खाडाखोड वाढत गेली.

शेवटी शेजारच्या लेलेकाकांनी कौसाबाईंचं नाव सुचवलं. "काम उत्तम," ते म्हणाले, "पण बाई प्रश्न फार विचारतात. तयारी ठेवा."

कौसाबाई आल्या, फाटकाशी चपला काढल्या आणि अनवाणी अंगणभर हिंडल्या. मधूनच एखाद्या फरशीवर टाच दाबत. यांनी तक्ता पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"हितं खाली काय काय जितं हाय?" त्यांनी विचारलं.

"जितं म्हणजे?" हे म्हणाले.

"चाफ्याची मुळी कुठवर आलीया? गांडूळं हायेत का? पावसाळ्यात बेडकं निघत्यात का?"

यांच्या तक्त्यात बेडकांचा रकाना नव्हता. मी म्हटलं, निघतात, कोपऱ्यातून निघतात. त्या त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "एक बादली पानी द्या, ताई. वतून बघाया."

दिवस गुरुवारचा. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद. खडकवासल्यात पाणी कमी म्हणून नेहमीची कपात चालू होती, आणि साठवलेलं पाणी फरशीवर ओतायची कल्पना यांना सहन होईना. "आज पाणी ओतता येणार नाही," हे म्हणाले. "तुम्ही आत्ता अंदाजानं सांगा."

"अंदाजानं ज्योतिषी सांगतो," कौसाबाई म्हणाल्या. "उद्या येते."

आणि खरंच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, बादलीभर पाणी अंगणाच्या मधोमध ओतलं आणि पायरीवर बसल्या. मी चहा केला. त्या चहा पीत पाण्याकडे बघत राहिल्या. पाणी कुठे थांबतं, कुठे पळतं, कुठे एकदम नाहीसं होतं. दहा मिनिटं गेली. हे घड्याळ बघत होते. मग त्या उठल्या आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवू लागल्या.

"साहेब, तुमी जिकडनं चालता, हा पायरीपासून नळापत्तुरचा पट्टा, हितं सिमेट घालू. पर कमी घालू, वाळू जास्ती. भिताडाच्या कडंनं वल धरतीया, तितं चुना आन् सुरखी. आन् चाफ्याच्या भवती काय बी न्हाय. जाडी वाळू दाबून द्यायची."

"म्हणजे एकाच अंगणात तीन प्रकार?" यांना ते फार अव्यवस्थित वाटलं.

"घरात चार मान्सं आजारी पडली तर चौघांला एकच गोळी देता व्हय?"

यांनी हार मानली नाही. "एपॉक्सीचं काय? पंधरा वर्षं टिकतं, कंपनी लिहून देते."

"टिकंल की," कौसाबाई म्हणाल्या. "फरशी फुटंल. त्यो टिकंल."

यांनी तक्त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण यांनी एखादा कागद असा न बोलता खिशात टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

कामाची त्यांची एक लय होती. पहिले तीन दिवस नुसतं खरवडणं. एका जुन्या खुरप्याचं पातं त्यांच्या नवऱ्यानं कधीकाळी लोहाराकडून चपटं करून आणलं होतं, त्यानं त्या दोन बोटं खोल जुना माल काढत. मग ब्रशनं धूळ, मग पाणी. चुना पिंपात आठ दिवस आधीच भिजत घातलेला. विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळलेली. कालवलेला माल त्या चिमटीत घेऊन अंगठ्याच्या नखावर ओढून बघत. नखावर लोण्यासारखा बसला तर ठीक, नाहीतर पुन्हा कालवणं. माल भरताना वरून लिंपत नसत, तळापासून थोडा थोडा दाबत वर येत. "सांदा भरायचा नसतो," त्या म्हणत, "पाजायचा असतो. तान्ह्या पोराला पाजल्यागत. घाई केली की उलटी करतो." आणि दरज फरशीच्या बरोबरीनं कधी आणत नसत, केसभर खाली ठेवत. ऊन चढलं की काम बंद. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाकून त्या सावलीत बसत आणि चार वाजता पुन्हा सुरू करत.

त्या सावलीतल्या वेळात मला त्यांची माहिती कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. गाव हिंजवडीच्या पलीकडे. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती. नवरा किसन गवंडी होता. कोथरूडच्या सोसायट्या उठत होत्या त्या काळात दोघं पहाटे निघून इकडे कामाला येत. तो भिंतीवर, ही घमेली वाहायला. पोरगं गावी सासूपाशी. एका बंगल्याच्या अंगणात फरशी बसवून झाली आणि दरजा भरायला कुणी गवंडी बसेना. उकिडवं बसून दिवसभर रेघांमागे सरकायचं, त्यात नाव नाही, दिसत काही नाही. मुकादम म्हणाला, बायकांना द्या, त्यांची बोटं बारीक. "म्या बसले," कौसाबाई म्हणाल्या. "आन् उठलेच न्हाय."

नवऱ्यानं दुपारच्या सुट्टीत, इतर गवंड्यांची नजर चुकवून, माल भरायची करणी कशी धरायची ते शिकवलं. तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. पुढे गावाभोवती काचेच्या इमारती आल्या, खाचरं गेली, संपतनं तीन मजली घर बांधलं आणि वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांतली मुलं-मुली राहायला ठेवली. घरात सगळं होतं. "सोफा हाय," कौसाबाई म्हणाल्या. "पर बसून करायचं काय?"

चाफ्याभोवती वाळूच का, हे मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी आधी गोणपाटावर पाणी शिंपडलं. मग सांगितलं. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत एका मास्तरांच्या अंगणात बकुळ होती, दोन पुरुष उंच. मास्तरांच्या बायकोला मुंग्यांचा कंटाळा. तिनं सांगितलं, बुंध्यापर्यंत सिमेंट घट्ट भरा, गवताची काडी उगवता कामा नये. कौसाबाईंना मनातून पटलं नव्हतं. पण पहिल्यांदाच कुणीतरी नवऱ्याला न विचारता थेट त्यांना काम सांगितलं होतं, आणि त्यांना ते असं करायचं होतं की बोट ठेवायला जागा राहू नये. त्यांनी तसं केलं. मास्तरीणबाईंनी चार घरांत नेऊन दाखवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बकुळ वाळली.

"लोक म्हनले कीड लागली. मला ठावं होतं. तिचं नाक-त्वांड म्याच बुजावलं." त्या मास्तरांकडे गेल्या आणि स्वतःहून सांगितलं. मास्तर हसले, म्हणाले, झाडांचंही वय होतं बाई. "त्येनला ती गोष्ट तितंच संपली वाटली," कौसाबाई म्हणाल्या.  चार वाजले होते, त्या उठल्या आणि गोणपाट उचललं.

अंगण झालं. हे पुन्हा चालू लागले. पहिल्या दिवशी कौसाबाई मुद्दाम थांबल्या आणि यांच्या मागून एक पूर्ण फेरी चालल्या, नजर काठीच्या टोकावर. फेरी झाल्यावर यांनी त्यांना हात जोडले. आमच्याकडे कौतुक करायची पद्धत नाही. यांनी कुणाला "ठीक आहे" म्हटलं तरी लोक पेढे वाटतील. त्यामुळे ते हात जोडणं मी नीट लक्षात ठेवलं.

त्यानंतर दरवर्षी पाऊस संपला की कौसाबाई यायच्या. काम नसताना. आपल्या हातच्या सगळ्या अंगणांची त्या पाहणी करत. चपला काढून आत येत, अंगठ्यानं दरजा दाबत फिरत, काही उचकटलेलं दिसलं तर डब्यातून माल काढून तिथल्या तिथे भरत. लोकांना हे नेहमी आवडायचं असं नाही. नव्या मालकांना वाटायचं, बाई काम मागायला आलीय. एका ठिकाणी त्या गेल्या तर बंगलाच नव्हता. तिथे अकरा मजली इमारत उभी होती आणि रखवालदार आत सोडेना. "म्या त्येला म्हनलं, बाबा, हितं माझ्या दरजा हायेत. त्यो म्हनला, हितं पार्किंग हाय." मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्या म्हणाल्या, "बरंच झालं ताई. त्या आंगनात नळाजवळची एक दरज मला साधलीच नव्हती. दर साली सलायची."

अशी सहा-सात वर्षं गेली. मग आम्ही पुढच्या फाटकापासून दारापर्यंतची फरशी त्यांच्याकडून करून घ्यायची ठरवलं. आता त्या थकल्या होत्या. दहा फरश्यांच्या जागी दिवसाला सहा होत. गाडी अजूनही गल्लीच्या तोंडाशीच थांबायची.

काम संपत आलेलं असताना एका सकाळी अकराच्या सुमाराला संपत चालत आमच्या फाटकाशी आला. पांढरे कपडे, हातात जाड कडं, दोन मोबाइल. मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहत होते. चेहरा आईचाच. त्यानं मला नमस्कार केला आणि उकिडव्या बसलेल्या आईकडे न बघता मला म्हणाला,

"ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा हिला. घरात काय कमी हाय का? पोरीचं स्थळ आलंय, चांगलं घर हाय. त्यांची कुणीतरी पाहुणी तुमच्या मागच्या गल्लीत राहते. तिनं हिला बघितलं. मधल्या माणसाकडनं विचारणं आलं, तुमच्या मातोश्री मजुरीला जातात का."

कौसाबाईंनी करणी खाली ठेवली. "मग काय सांगितलंस?"

संपतनं हातातलं कडं फिरवलं.

"आरं, काय सांगितलंस?"

"सांगितलं, ती आमची न्हाय. दुसरी कोणतरी असंल."

मी दारात उभी होते. आत हे पेपर वाचत होते, पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. संपत स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बोलून गेल्यावर ते वाक्य कसं ऐकू येतं हे त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "तसं न्हाय आई, प्राजूचं लगीन हाय म्हणून..."

कौसाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी करणी धुतली, पातं धुतलं, फडक्यानं पुसलं, डब्यात ठेवलं. उरलेला माल एका भांड्यात काढून त्यावर पाणी घातलं. मग मला म्हणाल्या, "चार फरश्या ऱ्हायल्यात, ताई. बाकीच्यांवर गोनपाट वलं ठिवा. चार रोज." संपतनं फोन केला, आणि ड्रायव्हरनं गाडी पहिल्यांदाच थेट आमच्या फाटकापर्यंत आणली. गल्ली काही अरुंद पडली नाही.

चार महिने त्या आल्या नाहीत. मी फोन केला तर सून उचलायची, म्हणायची, आई आराम करतायत. त्या चार फरश्यांच्या दरजा तशाच उघड्या होत्या. हे म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलावू. मी नको म्हटलं. यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

मग एका सकाळी फाटक वाजलं. कौसाबाई, डोक्यावर घमेलं, कपाळावर घाम. दोन बसा बदलून आल्या होत्या. "चार फरश्या ऱ्हायल्यात," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. पण त्या दिवशी काम थोडंच झालं. चहाच्या वेळी सगळं सांगितलं.

पाहुणे आले त्या दिवशी संपतनं त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगितलं होतं. त्या बसल्या होत्या. नातीच्या भल्यासाठी त्या विहिरीतही बसल्या असत्या. प्राजक्ता हिंजवडीतच एका कंपनीत कामाला. बाहेर बोलणी चालली होती, मुलीचं शिक्षण, मुलाची बढती. मध्येच प्राजक्ता उठली, आत आली, आजीला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि पाहुण्यांना म्हणाली, "तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारलं होतं ना, त्या ह्याच. माझी आजी. दरजा भरते."

"मुलाच्या आईनं माझ्या हाताकडं बघितलं," कौसाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून मलाही दाखवले. चुन्यानं खाल्लेली बोटं, नखं झिजलेली. "मग म्हनली, कळवतो."

"कळवलं?"

"न्हाय."

स्थळ गेलं. संपतनं दोन महिने मुलीशी अबोला धरला आणि आईशीही. "म्या प्राजूला बोल्ले, कशाला गं उगा? तर म्हनती, आजी, उद्या तिथं गेल्यावर मला रोज तुला लपवावं लागलं असतं."  पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "माझ्यापायी पोरीचं नुकसान झालं का, ताई? खरं सांगा."

मी म्हटलं, नाही. 

दुसऱ्या दिवशी त्या गाडीतून आल्या. गाडी फाटकाशी थांबली आणि चालवत होता स्वतः संपत. झालं होतं असं: सकाळी कौसाबाई घमेलं घेऊन बस पकडायला निघाल्या. घरासमोरचा रस्ता म्हणजे कंपन्यांच्या बसांची रांग, दुचाक्या, हॉर्न. त्या कडेला उभ्या राहिल्या, एक पाऊल पुढे टाकायच्या, मागे घ्यायच्या. संपत गच्चीतून बघत होता. बराच वेळ बघत होता म्हणे. मग खाली आला, न बोलता गाडी काढली आणि न बोलता दार उघडलं.

फाटकाशी त्यानं विचारलं, "संध्याकाळी किती वाजता येऊ?" दोन महिन्यांत तो आईशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"साडेपाचला ये," त्या म्हणाल्या.

तो चारलाच आला. मला वाटलं, घेऊन जायची घाई. पण तो आत येऊन आमच्या पायरीवर बसला. कौसाबाईंनी वर पाहिलं नाही. त्या शेवटच्या फरशीवर होत्या, तळापासून माल दाबत, केसाएवढ्या रेघेनं पुढे सरकत. संपतचा फोन वाजला, त्यानं बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. तासभर तो बसला असेल. आईला काम करताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी ती उजाडायच्या आत निघून जायची, आणि मोठेपणी त्यानं नजर वळवली होती. शेवटची दरज पुसून झाली तेव्हा तो उठला, खाली वाकला आणि बोटानं हळूच ती रेघ चाचपून बघितली.

"ओली हाय, हात लावू नगंस," कौसाबाई त्याच्यावर खेकसल्या.

"एवढं बारीक करतीस?" तो म्हणाला.

कौसाबाई उठल्या. हात धुवायला नळापाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

आमचं काम हे त्यांचं जवळजवळ शेवटचं. पुढे बोटं वळेनात. पाहणीला मात्र दोन वर्षं येत होत्या, संपत घेऊन यायचा आणि बाहेर गाडीत न बसता आत यायचा. त्या गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. झोपेतच गेल्या. संपतरावांचा फोन आला, "ताई, आई गेली," एवढंच. मी जाऊन आले. पण माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन ते नाही. ते आहे प्राजक्ताच्या लग्नातलं, त्या जायच्या आदल्या वर्षीचं.

मुलगा प्राजक्ताच्याच ऑफिसातला, वाशीमकडचा. आईवडील शेतकरी. त्यांनी कुणाच्या मजुरीची चौकशी केली नाही. लग्न मोठ्या कार्यालयात, हिरवळीवर, हजारभर माणूस. हिंजवडीकडे पद्धत अशी की मंगलाष्टकांच्या आधी एक निवेदक माइकवरून मान्यवरांची नावं घेतो आणि एकेकाला फेटा बांधतात. माजी सरपंच झाले, नगरसेवक झाले, कुठल्या तरी पतसंस्थेचे अध्यक्ष झाले. मी आणि हे मागच्या रांगेत बसलो होतो. कौसाबाई स्टेजवर एका मोठ्या खुर्चीत, अंगावर जांभळी पैठणी, कुणाच्या तरी लग्नाला चुकून आल्यासारख्या.

संपतरावांनी निवेदकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. निवेदकानं घसा साफ केला आणि पल्लेदार आवाजात वाचलं, "आणि आता वधूच्या आजी, ज्यांनी चाळीस वर्षं कोथरूडच्या घराघरांत दर्जा भरला..." तो स्वतःच अडखळला. चिठ्ठी जवळ धरली आणि सावरून घेत म्हणाला, "म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षं कोथरूडचा दर्जा वाढवला, त्या श्रीमती..."

"आरं दर्जा न्हाय!" संपतराव पुढे झाले. त्यांचं तोंड माइकच्या इतकं जवळ होतं की आवाज हिरवळीच्या पार टोकापर्यंत गेला. "दरजा! दरजा! फरशीच्या दरजा! माझी आई दरजा भरायची!"

 पुढच्या रांगेतले नगरसेवक आणि सरपंच एकमेकांकडे बघू लागले. संपतरावांना तेव्हा कळलं की आपण काय केलं आणि किती मोठ्यानं केलं. पण ते मागे हटले नाहीत. माइकपाशीच उभे राहिले, लालबुंद, फेटा तिरका झालेला.

आणि खुर्चीतल्या कौसाबाई हसू लागल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर धरला तरी खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारी वाशीमच्या विहीणबाईही हसू लागल्या आणि त्यांनी कौसाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या शेजारी हे उभे राहिले होते, काठी टेकून, आणि इतक्या लांबून दिसणार नाही हे माहीत असूनही त्यांनी हात जोडले.

गर्दीत आम्हाला स्टेजपर्यंत जाता आलं नाही. निघताना मी वळून पाहिलं. कौसाबाईंनी आम्हाला ओळखलं होतं. फेटा बांधणारा माणूस त्यांच्या डोक्याशी खटपट करत होता, तो त्यांना मान हलवू देत नव्हता. म्हणून त्यांनी नुसता हात वर केला, बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवल्याशिवाय जाऊ नका.